फिलूचे काप

विल्यमचा फोन आला तेव्हा मी आमच्या बिल्डिंगखालच्या कोल्ड स्टोअरमध्ये उभी होते. इथे बहरीनमध्ये कोपऱ्यावरच्या वाण्याच्या दुकानाला कोल्ड स्टोअर म्हणतात. त्यात थंड काय असतं ते त्या दुकानदारालाच ठाऊक. शुक्रवारची, म्हणजे आमच्याकडची सुट्टीची सकाळ होती. दुपारी फिलूला भेटायला हॉस्पिटलमध्ये जायचं होतं, तिला शहाळ्याचं पाणी तेवढं पोटात ठरत होतं, म्हणून बाटलीवरची तारीख बघायला मी पर्समध्ये चष्मा शोधत होते. फोन कानाला लावला. पलीकडे नुसता श्वास. मग विल्यम म्हणाला, "सुलूताई... खलास." आणि फोन बंद झाला.

मला आधी राग आला, रडू नंतर आलं. खरंच सांगते. बायको गेल्याचं सांगायला माणसाला दुसरा शब्द सापडू नये? गेली म्हणावं, सोडून गेली म्हणावं, नाहीतर काहीच न म्हणता रडावं... खलास काय? पण विल्यमनं निम्मं आयुष्य या बेटावर काढलंय. इथे पाण्याची टाकी रिकामी झाली तरी खलास, ऑफिसातलं काम आटोपलं तरी खलास आणि भांडण मिटलं तरी खलासच. तोंडात बसलेला शब्द त्या घटकेला तोंडातून पडला, दुसरं काही नाही. आणि माझा राग विल्यमवर नव्हताच मुळी. तो शब्द फिलूचा होता. आमच्या दोघींच्या स्वयंपाकघरांची भिंत एक. रोज संध्याकाळी त्या भिंतीपलीकडून उलथन्याची तव्याच्या कडेवर टकटक ऐकू यायची आणि पाठोपाठ तिचा आवाज, "खलास! बसा रे जेवायला." मी तिला कितीदा म्हटलं असेल, अगं, अन्नाला खलास म्हणू नये, आमच्याकडे माणूस मेला की खलास म्हणतात. तर म्हणायची, "तुमच्याकडे म्हणत असतील. माझ्याकडे खलास म्हणजे गरम आहे, या." त्या शुक्रवारी तिचा शब्द माझ्या अर्थानं परत आला. मी बाटली तशीच हातात धरून दुकानाबाहेर पडले. दुकानदारानं माझा चेहरा बघितला असावा, त्यानं पैसेही मागितले नाहीत.

फिलू म्हणजे फिलोमिना. ती वसईची आणि मी सुलभा, कराडची. झिंजमधल्या आमच्या बिल्डिंगचा वॉचमन आमचं नाव फिलूमॅडम-सुलूमॅडम असं एका दमात घ्यायचा, एकाच बाईचं असल्यासारखं. आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. मी इथे नवीन होते आणि फोनवर अविनाशला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, चांगली झापत होते. गॅसचं सिलिंडर अजून आलं नाही, आज जेवायचं काय, डोंबल? शेजारी कुरळ्या केसांची, गळ्यात बारीक क्रूस घातलेली एक बाई उभी होती. हिला काय कळतंय, म्हणून मी आवाजसुद्धा खाली केला नव्हता. आमचा मजला आला तशी ती म्हणाली, "सिलिंडर काही उद्याशिवाय येत नाही. आज माझ्याकडे जेवा. आणि नवऱ्याला किती बोलता हो!" मराठी, तेही चांगलं खणखणीत. मी ओशाळून इंग्रजीत काहीतरी पुटपुटले, तर हसून म्हणाली, "ओरडलात मराठीत, मग सॉरीपण मराठीतच म्हणा." आता मराठीत सॉरीला काय म्हणतात ते आम्हा दोघींनाही आठवेना. तिथून जे हसायला लागलो ते पुढे कितीतरी वर्षं.

त्या पहिल्या जेवणाच्या वेळी, गॅस पेटवायच्या आधी, तिनं मला विचारलं, "मोठ्याचं खाता?" आपल्याकडे मटण म्हणजे बकऱ्याचं, आणि बीफ म्हणायचं नसलं की 'मोठ्याचं' म्हणतात, खाणारेही तसंच म्हणतात आणि न खाणारेही. मी म्हटलं, नाही बाई. मटणावर माझा जीव आहे, माशाचा काटासुद्धा मी मागं ठेवत नाही, पण हे नाही. पुढचा प्रश्न काय येणार ते मला पाठ होतं, ऑफिसात तो दहादा ऐकला होता : का नाही, मटण चालतं तर हे का नाही? फिलूनं तो विचारला नाही. त्या दिवशी नाही आणि नंतरही कधीच नाही. नुसतं "बरं" म्हणाली, टोपलीतून दोन बटाटे काढले आणि शेजारची दुसरी शेगडी पेटवली.

तर हे तिचे काप. वांग्याचे, सुरणाचे, बटाट्याचे काप आपण सगळेच करतो. फिलू ते मोठ्याचे करायची, आणि आठवड्याच्या कामाच्या दिवसांत तिच्या घरचं रात्रीचं जेवण बहुतेक तेच असायचं. ती एका शाळेच्या ऑफिसात होती, मी एका शिपिंग कंपनीच्या अकाउंट्समध्ये. दोघी ट्रॅफिकमधून दमूनभागून घरी येणार, मग तासन् तास रस्सा कोण शिजवत बसतंय? मांसाचा तुकडा ती सकाळीच फ्रीझरमधून खाली उतरवून ठेवायची. संध्याकाळपर्यंत तो दगडही राहत नसे आणि लोणीही होत नसे. तसा अर्धवट घट्ट असतानाच सुरी घेऊन, मांसाच्या रेषांच्या आडवं कापायचं, इतकं पातळ की पलीकडचा ओटा दिसावा असं ती म्हणायची. मग आलं-लसूण, हळद, माहेरून आलेला लाल मसाला, व्हिनेगरचे चार थेंब, आणि बिडाचा तवा धूर येईस्तोवर तापवून त्यावर एकेक काप पसरायचा, एकावर एक नाही. मीठ सगळ्यात शेवटी. "आधी घातलंस तर पाणी सुटतं, मग काप भाजत नाहीत, उकडतात," हे ती मला पुन्हा पुन्हा सांगायची. मला कशाला सांगतेस, मी कुठे करणारे, असं मी म्हणायचे. विल्यम कपडे बदलून, हातपाय धुऊन येईपर्यंत तिचं जेवण तयार असे. सोबत बेकरीतला गरम खुबूस, इथली रोटीच ती, बुदैयाच्या मळ्यातली मुळ्याची पानं, लिंबू. आणि दुसऱ्या शेगडीवर, त्याच मसाल्यात, माझे बटाट्याचे. अविनाशची शिफ्ट ड्यूटी असायची. तो घरी नसला की मी माझा भात घेऊन सरळ तिच्या टेबलावर जाऊन बसायचे.

झल्लाकच्या समुद्रावर आम्ही एकदा पिकनिकला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. फिलूनं छोटी शेगडी आणि दोन तवे बरोबर घेतले होते. घरातला तिचा बिडाचा तवा जड, म्हणून तिनं खास बाहेर न्यायला हलके तवे आणले होते, दोन्ही सेलमधले, दोन्ही हुबेहूब सारखे. तिथे वाळूत बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की मोठ्याचे कशात करायचे आणि माझे कशात, याची आता काही खूण नाही. आज धुतले, परवा पुन्हा काढले, की गोंधळ होणारच. मी म्हटलं, अगं, साबणानं घासलेला तवा, काय फरक पडतो? तर माझ्यावरच डाफरली. "तुला पडत नसेल, मला पडतो. तू माझ्याकडे डोळे मिटून जेवतेस. ते डोळे उघडावे लागता कामा नयेत." तिनं पर्समधून लाल नेलपॉलिश काढलं, एका तव्याच्या दांड्यावर टिकलीएवढा ठिपका दिला आणि वाऱ्यावर फुंकून वाळवला. "हा सुलूचा." तेव्हा लहान असलेली फिलू-विल्यमची मुलगी रोशेल शेजारी बसून बघत होती, तिनं आईच्या हातून बाटली घेऊन आपली दहाही नखं रंगवली आणि वाळूत बरबटवली. तो ठिपक्याचा तवा पुढे फिलूच्या घरी माझा म्हणूनच राहिला. ठिपका उडाला की ती नवा लावायची, हाताशी जो रंग असेल तो.

एकदा माझ्या सासूबाई कराडहून महिनाभर आल्या होत्या. फिलूनं त्यांना जेवायला बोलावलं. टेबलावर दोन ताटल्या बघून सासूबाईंनी विचारलं, "कसले गं हे काप?" फिलू म्हणाली, "आई, हे तुमचे बटाट्याचे, आणि ते आमचे मोठ्याचे." सासूबाईंनी मान डोलावली. "बरोबर आहे. काप करावेत ते मोठ्याचेच. लहान बटाटे हाताला लागत नाहीत." मी ठसका लागून पाणी शोधायला पळाले. विल्यम टेबलाखाली काहीतरी पडल्यासारखं वाकला तो वर येईना. फिलू मात्र हसली नाही. तिनं ती मोठ्याची ताटली उचलून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला, विल्यमच्या पुढ्यात नेऊन ठेवली, वाढायचा चमचा बदलला, आणि सासूबाईंच्या शेजारी बसून स्वतःही त्या दिवशी बटाट्याचेच खाल्ले. जाताना सासूबाई तिच्या हातावर नारळ ठेवून म्हणाल्या, पोरी, तुझ्या हाताला चव आहे.

मागच्या वर्षी फिलूला कॅन्सर निघाला. त्याचं सगळं रामायण इथे सांगत नाही, ते ज्याच्या घरात घडलंय त्याला सांगायला नको, आणि ज्याच्या घडलं नाही त्याला सांगूही नये. औषधांनी तिचे केस गेले, ते तिनं हसण्यावारी नेलं. पण जीभ गेली तेव्हा ती हादरली. सारखी पत्र्याची चव, म्हणायची, पाणी प्यायलं तरी पत्रा चाटल्यासारखं. उभं राहणं होईना. घरात बाहेरून डबे यायला लागले. विल्यम बिचारा चहाचं आधण ठेवून विसरणारा माणूस; त्याला स्वयंपाक सांगणं म्हणजे मांजरीला पोहायला सांगणं. आणि रोशेल, एव्हाना कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आलेली, आईचं सगळं करायची, औषधं द्यायची, पाय चेपायची, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायची नाही. फिलू म्हणाली, ये, तुला काप शिकवते, की ती म्हणायची, "नो मम्मा. यू विल मेक इट. बरी झालीस की तूच कर." आणि दार लावून घ्यायची.

अशाच एका संध्याकाळी मी तिला भेटायला गेले तर फिलू स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, डोक्याला रुमाल बांधून बसली होती. ओट्यावर मांसाचा तुकडा, सुरी, पाट. मला म्हणाली, "हात धू, सुलू."

"मी?"

"नाहीतर काय वॉचमनला बोलावू?"

इतक्या वर्षांत या बाईनं मला त्या तव्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता. ती शांतपणे म्हणाली, "नको असेल तर नको म्हण. मी काही रागावणार नाही. पण आधी ऐक. हे विल्यमसाठी नाही, तो खुबूस-दही खाऊन दिवस काढेल. रोशेलसाठी आहे. ती आता शिकत नाही, कारण शिकली की मी जाणार असं तिला वाटतं. पण मी गेल्यावर तिला हे हवं होईल, आणि तेव्हा सांगायला मी नसेन. कुणाच्या तरी हातात ते असायला हवं गं... तुझ्या हातात असलं तर भिंतीपलीकडेच राहील."

मी हात धुतले. दुसरं काय करणार होते? पण सुरी धरली तर हात थरथरायला लागला. नाही म्हटलं तरी जन्मभराची सवय, ती काय एका वाक्यानं जाते? फिलू म्हणाली, "हात कापतोय तुझा. काप त्याचे कर, बोटांचे नको." तशी मला हसू फुटलं आणि हात जाग्यावर आला. ती खुर्चीतून सांगत गेली, मी करत गेले. रेषा बघ, आडवी काप. जाड झाला, अजून पातळ. तवा तापला का ते बघू नको, वास घे. काप टाकलास? आता आवाज ऐक, चर्र जरा बारीक झालं की उलट. नाक शाबूत होतं तिचं, कानही होते. पाठमोरी बसूनसुद्धा तिनं सगळं बरोबर सांगितलं असतं. घोडं अडलं ते मिठाशी. मिठाला ना वास ना आवाज.

"घाल मीठ," ती म्हणाली.

"किती?"

"लागेल तेवढं."

"अगं, लागेल किती ते चाखल्याशिवाय कसं कळणार? तुझी जीभ गेलीय, आणि मी तर..." माझं वाक्य तिथंच अडलं. तव्यावर काप भाजत होते, मी मिठाचा डबा धरून उभी. तेव्हा फिलूनं मला विचारलं, "गौरीचं पुरण चाखतेस?"

"छे! नैवेद्य कसा चाखणार? आधी तिला, मग आपल्याला."

"आणि कटाची आमटी? अळूची भाजी?"

"काहीच नाही चाखत."

"इतकी वर्षं तुझ्या गौरीला जेवतेय मी. एकदा तरी मीठ चुकलंय?"

नव्हतं चुकलं. खरंच नव्हतं. फिलू खुर्चीच्या पाठीला टेकली. "मग झालं तर. तुझ्या गौरीला न चाखलेलं चालतं, माझ्या माणसांना न चालायला काय झालं?"

हे वाचून कुणाच्या भुवया वर जाणार असतील तर जाऊ देत बापड्या. दोन्ही स्वयंपाक मी याच दोन हातांनी केलेत, आणि दोन्ही वेळेला मनात एवढंच होतं की समोरच्याला घास गोड लागावा. मी डोळे मिटून चिमूट उचलली, गौरीच्या आमटीत टाकते तशी, आणि तव्यावर भुरभुरवली. घरी येऊन आंघोळ केली. ते लपवत नाही. अविनाशला सांगितलं, तो म्हणाला, "तिला बसवत होतं का गं एवढा वेळ?" कराडला फोन केला. सासूबाईंना सांगावं की नाही याचा फार विचार केला, पण त्यांच्यापासून काही लपवलं की मला चैन पडत नाही. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हणजे त्या वेळी ती मोठ्याचे म्हणाली ते..." मी म्हटलं, हो आई. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी डोळे मिटून घेतले. तर त्या म्हणाल्या, "म्हणून चमचा बदलला होता होय तिनं... कर तू. पोरीचा जीव अडकलाय त्यात. आणि मीठ चमच्यानं घालू नको, बोटांनी घाल. बोटांना कळतं."

मग दर बुधवारी मी करू लागले. आधी फिलू खुर्चीत असायची, नंतर आतल्या पलंगावरून आवाज द्यायची, नंतर आवाजही येईना, तेव्हा दार उघडं ठेवून मी मुद्दाम भांडी आपटायचे, तिला कळावं म्हणून. विल्यम जेवायचा आणि म्हणायचा, "फर्स्ट क्लास." त्याचा काय उपयोग? विल्यमला विमानातलं जेवणसुद्धा फर्स्ट क्लास लागतं. खरी जीभ घरात एकच उरली होती, रोशेलची, आणि ती बुधवारी काही बाहेर यायची नाही. बर्गर मागवायची, खोलीत खायची. "आय ॲम नॉट हंग्री, मावशी." मला तिचा राग यायचा. वाटायचं, कानाला धरून ओढत आणावी आणि म्हणावं, बाई, खा एक घास आणि सांग मीठ बरोबर आहे का, तुझी आई आत जीव मुठीत धरून ऐकतेय. एकदा तसं बोलायला म्हणून तिच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. आतून रडण्याचा आवाज येत होता, उशीत तोंड खुपसून रडतात तसा. मी परत फिरले. फिलूला सांगितलं, झोपलीय ती. फिलू म्हणाली, "असू दे. तू ठेव सांभाळून. ती येईल." मी म्हटलं, "अगं, पण मला चवच माहीत नाही. आली तर तिला सांगू काय?" त्यावर ती काहीतरी बोलली, पण औषधाची गुंगी होती, नीट ऐकू आलं नाही. मी कान जवळ नेला तोवर तिला झोप लागली होती.

आणि मग तो शुक्रवार आला.

विल्यम आणि रोशेल तिला घेऊन वसईला गेले. आमच्या कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हात जोडलेल्या बाहुल्यांचा पाऊस पडला. ती चांगल्या जागी गेली, असं कुणीकुणी लिहिलं. चांगली जागा? तिची चांगली जागा इथे होती, भिंतीपलीकडे. घराची चावी माझ्याकडे होती. कुंड्यांना पाणी घालायला जायचे, पण स्वयंपाकघरात दिवा लावायचे नाही. संध्याकाळी आमच्या ओट्याशी उभी असले की नकळत कान भिंतीला लागायचे. तिकडून काहीच ऐकू येत नसे, फ्रीजची घरघर तेवढी. ती दोघं परत आली तरीही तसंच. विल्यम कामावर जाऊ लागला, खुबूस-दही खाऊ लागला. फिलू म्हणाली होती तस्संच. मी बुधवारी विचारलं, येऊ का करायला? तो म्हणाला, "नको सुलूताई, तुम्हाला कशाला त्रास." त्याच्या मागे रोशेल उभी होती. ती आत वळली. मी घरी येऊन अविनाशवर उगाचच खेकसले. मला वाटलं, संपलं. फिलूनं विश्वासानं हातात दिलेलं माझ्याच हातात वाळून जाणार, मी न चाखलेलं आणि तिच्या लेकीनं न विचारलेलं.

गेल्या आठवड्यात, बुधवारही नव्हता, मी ऑफिसातून येऊन चपला काढतेय तोवर बेल वाजली. दारात रोशेल. हातात फ्रीझरमधला मांसाचा तुकडा, पांढराफटक, दगडासारखा.

"मावशी, इट्स टू हार्ड. सुरीच जात नाही."

"सकाळी खाली काढून ठेवायचा असतो गं राणी."

"आय डिडन्ट नो." आणि मग तिचा चेहरा वाकडा झाला. "शी वॉन्टेड टु टेल मी. मी ऐकलंच नाही."

मी तिला जवळ घेतलं. आमच्या दोघींच्या मध्ये तो बर्फाचा गोळा. माझा पदर भिजला, कशानं भिजला कोण जाणे. म्हटलं, "तिनं मला सांगून ठेवलंय. चल."

तुकडा पिशवीत घालून पाण्यात बुडवून ठेवला आणि आम्ही दोघी फिलूच्या ओट्याशी उभ्या राहिलो. मी कपाटातून बिडाचा तवा काढला. तेवढ्यात रोशेल खाली वाकली, खालच्या खणातल्या भांड्यांत खुडबुड केली आणि तो हलका तवा बाहेर काढला. दांड्यावर लाल ठिपका, अर्धा उडालेला. तिनं तो दुसऱ्या शेगडीवर ठेवला. "हा तुझा," म्हणाली आणि टोपलीतून बटाटे घेऊन सोलायला लागली. तिला हे कुणी सांगितलं नव्हतं. मी तरी नाही. फिलूनंही कधी धडा म्हणून दिलं नसणार. झल्लाकच्या वाळूत नखं रंगवत बसलेली ती पोर सगळं बघत होती, आणि इतकी वर्षं रोज बघत आली होती. मी आपली सुरीला धार लावत राहिले, ती होती त्याहून जास्त.

मग फिलू सांगायची तसं सगळं सांगितलं. रेषांच्या आडवं, अजून पातळ. बघू नको, वास घे. आता आवाज ऐक. रोशेलनं पहिले काप फाडले, पुढचे जमले. मसाल्याचा वास उठला तेव्हा आतल्या खोलीतला टीव्ही बंद झाला, पण विल्यम बाहेर आला नाही. शेवटी मीठ. मी चिमूट उचलली, डोळे मिटले, भुरभुरवली. रोशेलनं उलथन्यावर एक काप घेतला, फुंकर मारली आणि तोंडात टाकला. तिच्या तोंडाकडे मी असं कधी बघितलं नव्हतं. गौरीपुढे पान ठेवून हात जोडते, तेव्हासुद्धा माझ्या छातीत एवढी धडधड होत नाही.

ती चावत राहिली. डोळे भरून आले तिचे. मग मान हलवली. "कमी आहे, मावशी."

"काय?"

"मीठ. कमी आहे. मम्मा पुट मोअर."

म्हणजे इतके महिने, दर बुधवारी, विल्यमनं अळणी काप खाल्ले होते आणि फर्स्ट क्लास म्हटलं होतं! मी हसायला लागले ते थांबेना, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि मी हसतेय. आणि एकदम उमगलं की फिलूला काही माझ्याकडून चव नको होती. चव तिच्या लेकीच्या जिभेवर होतीच, पहिल्यापासून. ती बाहेर यायची होती, तोवर कुणीतरी तवा तापता ठेवायचा होता. रोशेलनं मिठाच्या डब्यात हात घातला. तीन बोटांची चिमूट, मनगट जरा उंच, वरून. आईचाच हात.

तिनं पुन्हा चाखलं. माझे बटाट्याचे काप उलटले, तिच्या धांदलीत थोडे जाड झाले होते आणि एका बाजूनं करपलेही होते. मग तिनं उलथनं बिडाच्या तव्याच्या कडेवर आपटलं. टकटक.

"खलास," ती हळूच म्हणाली. जरा थांबली आणि भिंतीपलीकडे जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "खलास! बसा रे जेवायला."

आतल्या खोलीत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.